स्प्रिंगबँक दहा, शंभरपैकी

व्हिस्कीला शंभरपैकी गुण देण्याची पद्धत मला मनापासून पटते. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जाणकारांना ती पटत नाही. चव म्हणजे काय बोर्डाची परीक्षा आहे का, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे. तरीही मी वहीत आकडा लिहितो, कारण आकडा लिहायचा ठरला की लक्ष द्यावंच लागतं. 'मस्त आहे' म्हणून सुटता येत नाही. 88 लिहिले तर 90 का नाही, ते दोन गुण कुठे गेले, वासात गेले की घोट गिळल्यानंतर गेले, हे स्वतःला सांगावं लागतं. ते सांगायला बसलं की ग्लासातलं असं बरंच काही सापडतं, जे एरवी गप्पांच्या ओघात घशाखाली उतरून गेलं असतं.

ही पद्धत रुजवण्यात मायकल जॅक्सन यांचा मोठा वाटा आहे. गायक नव्हे, यॉर्कशरचे पत्रकार. बिअर आणि व्हिस्कीवर आयुष्यभर लिहीत राहिलेले. 1989 मध्ये त्यांचं 'मॉल्ट व्हिस्की कम्पॅनियन' आलं आणि त्यात एकेका डिस्टिलरीच्या बाटल्यांना शंभरपैकी गुण होते. त्या काळात स्कॉटलंडमधली बहुतेक मॉल्ट व्हिस्की, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की, ब्लेंडमध्ये म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्कींच्या मिश्रणात जायची. एकाच डिस्टिलरीची मॉल्ट, म्हणजे सिंगल मॉल्ट, वेगळी मागून पिणारे थोडे. 2003 पासून जिम मरे यांनी 'व्हिस्की बायबल' काढायला सुरुवात केली आणि शंभराचे चार सारखे भाग केले: वास, चव, फिनिश म्हणजे मागे रेंगाळणारी चव, आणि तोल. त्याच पुस्तकाच्या 2010 च्या आवृत्तीत बंगळुरूच्या अमृत फ्यूजनला 97 गुण आणि जगात तिसरा क्रमांक मिळाला. भारतात मळीच्या अल्कोहोलपासून बनणाऱ्या व्हिस्कीखेरीज बार्लीपासून बनलेली अस्सल सिंगल मॉल्टही आहे, ही गोष्ट त्या एका आकड्याने जगभर पोचवली. त्याआधी अमृतची माणसं ग्लासगोच्या बारमध्ये बाटल्या घेऊन फिरत होती, चाखून तरी बघा म्हणत होती. 2004 साली त्यांनी आपली पहिली सिंगल मॉल्ट बाजारात आणली तीही ग्लासगोतच.

आकड्यात ही ताकद आहे, आणि त्याच ताकदीने आकडा त्रासही देतो. एकदा दिलेले गुण नावाला चिकटतात. अमुक व्हिस्की 92 ची, असं म्हटलं की पुढची दहा वर्षं ती 92 चीच राहते. बाटलीच्या आत काय बदललं ते कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की गुण समोरच्या बाटलीचे असतात. नावाचे नसतात, लेबलाचे नसतात, डिस्टिलरीच्या इतिहासाचे तर अजिबात नसतात. हे ज्या एका व्हिस्कीने मला पटवलं ती स्प्रिंगबँक, दहा वर्षांची. इतिहास आणि नाव या दोन्हींचं ओझं हिच्याइतकं फार थोड्या बाटल्यांवर असेल.

ही बनते कॅम्बेलटाउनमध्ये. नकाशात स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून एक लांबलचक बोट खाली आयर्लंडच्या दिशेने गेलेलं दिसतं, ते किंटायर द्वीपकल्प. त्याच्या टोकाजवळ हे गाव. ग्लासगोहून सरळ रेषेत फार लांब नाही, पण रस्त्याला मध्ये शिरलेल्या समुद्राच्या खाड्यांना वळसे घालत जावं लागतं, म्हणून बसला चार तासांहून जास्त लागतात. लोख लोमंड तळ्याचा काठ, मग 'रेस्ट अँड बी थँकफुल' नावाचा घाट, इन्व्हरेरी, टार्बर्ट, आणि त्यानंतर उजव्या हाताला अटलांटिक. कोकणच्या रस्त्यांची सवय असलेल्या माणसाला हा प्रवास अजिबात कंटाळवाणा वाटणार नाही. गावाची वस्ती पाच हजारांच्या आत. बंदर, दगडी घरं, डोक्यावर समुद्रपक्ष्यांचा गलका.

एवढ्याशा गावात 1880 च्या दशकात आल्फ्रेड बर्नार्ड हा लेखक ब्रिटनमधल्या डिस्टिलऱ्या पाहत फिरत आला, तेव्हा इथे 21 डिस्टिलऱ्या चालू होत्या. एकवीस! धुराड्यांचं जंगलच असणार. जवळच मॅक्रिहॅनिशला कोळशाची खाण, आसपास बार्लीची शेतं, जाळायला दलदलीतलं पीट हवं तेवढं, आणि माल ग्लासगोला न्यायला समोर बंदर. व्हिस्कीला लागणारं सगळं हाताशी. मग 1920 च्या दशकात सगळं एकदम फिरलं. अमेरिकेत दारूबंदी आली, कोळशाची खाण बंद पडली, ब्लेंड करणाऱ्या कंपन्यांना कॅम्बेलटाउनच्या जड, तेलकट व्हिस्कीपेक्षा ईशान्य स्कॉटलंडमधल्या स्पेसाइडची हलकी व्हिस्की हवीशी वाटू लागली. त्यात आधीच्या तेजीच्या वर्षांत काहींनी घाईघाईने वाईट माल काढून गावाचं नाव खराब केलेलं. एकेक धुराडं विझत गेलं. 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत दोनच डिस्टिलऱ्या उरल्या, ग्लेन स्कोशिया आणि स्प्रिंगबँक.

या पडझडीच्या जरा आधी एक जपानी तरुण इथे येऊन गेला होता. मासाताका ताकेत्सुरू. रसायनशास्त्र शिकायला 1918 मध्ये ग्लासगोत आला. 1920 साली त्याने स्कॉटिश मुलीशी, रीटा कोवनशी, लग्न केलं आणि तो कॅम्बेलटाउनच्या हेझलबर्न डिस्टिलरीत काम शिकत राहिला. जे पाहिलं ते बारकाईने वहीत टिपून घेतलं. ती वही जपानला गेली आणि तिच्यातून आधी यामाझाकी डिस्टिलरी उभी राहिली, पुढे त्याची स्वतःची निक्का कंपनी. हेझलबर्न मात्र काही वर्षांतच बंद पडली. माझ्या मते व्हिस्कीच्या इतिहासातली ही सर्वात मोठी गोष्ट आहे: एका गावाची विद्या गाव बुडायच्या आधी दुसऱ्या खंडात जाऊन पोचली.

स्प्रिंगबँक 1828 ची आणि आजही मिचेल घराण्याच्या कंपनीकडे आहे. स्कॉच व्हिस्कीच्या धंद्यातला मोठा हिस्सा आता बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या ताब्यात आहे, हे लक्षात घेतलं की या गोष्टीचं मोल कळतं. 1979 मध्ये मंदीत हिचंही काम थांबलं होतं, 1980 च्या दशकाच्या अखेरीस ते हळूहळू पुन्हा सुरू झालं. 1992 मध्ये त्यांनी एक असा निर्णय घेतला, जो हिशेबनीस कधीच घेऊ देणार नाही: मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, विकत घ्यायचं बंद करून ते पुन्हा स्वतःच्या फरशीवर बनवायचं.

हे फरशीचं प्रकरण मला प्रत्यक्ष पाहायला मिळालं आणि मी तिथे बराच वेळ रेंगाळलो. बार्ली, म्हणजे आपलं सातू, पाण्यात भिजवून एका लांबच लांब, बुटक्या छताच्या खोलीत फरशीवर पसरतात. दाण्यांना मोड यायला लागतात. मोड येताना दाणा गरम होतो आणि मुळं एकमेकांत गुंततात, म्हणून दिवसरात्र, ठरलेल्या वेळी, माणसं लाकडी फावड्यांनी आणि दाताळ्यांनी तो थर उलटापालटा करत राहतात. आपल्याकडे मटकीला मोड आणताना जे फडक्यात घडतं तेच इथे टनांच्या मापाने चाललेलं असतं. मोडाच्या टोकापर्यंत गोष्ट गेली की दाण्यातल्या पिठाची साखर व्हायला सुरुवात झालेली असते. नेमकं तिथेच थांबवायचं, भट्टीवर वाळवायचं. बहुतेक डिस्टिलऱ्या हे काम मोठ्या यांत्रिक कारखान्यांवर सोपवतात. काही मोजक्या ठिकाणी फरशी अजून आहे, पण तिथलं मॉल्ट सहसा गरजेच्या काही टक्केच भागवतं. स्प्रिंगबँकमध्ये शंभर टक्के.

वाळवताना पहिले सुमारे सहा तास पीटचा धूर, नंतर नुसती गरम हवा. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून दबलेल्या शेवाळाचा आणि झुडपांचा थर. वीटभर आकाराचे तुकडे कापून, वाळवून जाळायचे. त्याच्या धुरातली फेनॉल वर्गातली द्रव्यं दाण्याच्या सालीवर बसतात आणि शेवटपर्यंत, पार ग्लासापर्यंत, सोबत येतात. याच डिस्टिलरीत लाँगरो नावाची दुसरी व्हिस्की बनते तिच्या मॉल्टला दोन दिवसांपर्यंत धूर देतात, आणि हेझलबर्न नावाच्या तिसरीला धूर अजिबात नाही. बंद पडलेल्या दोन डिस्टिलऱ्यांची ही नावं त्यांनी अशी जिवंत ठेवली आहेत.

मग आंबवणं, लार्च झाडाच्या लाकडी पिंपांत, निवांतपणे. पुढे ऊर्ध्वपातन, आणि तिथे पुन्हा स्प्रिंगबँकची आपली तऱ्हा: अडीच वेळा. बहुतेक स्कॉच दोनदा काढतात. इथे तीन तांब्याच्या स्टिल, म्हणजे दारू उकळायची भांडी, आहेत. पहिल्यातून निघालेल्या हलक्या दारूचा मोठा भाग दुसरीतून जातो, थोडा भाग बाजूला राहतो, आणि तिसऱ्या स्टिलमध्ये दोन्ही एकत्र पडतात. म्हणजे काही थेंब दोनदा उकळलेले असतात, काही तीनदा. पहिली स्टिल खालून थेट ज्वाळेवर तापते. तळाला काही करपू नये म्हणून आत तांब्याची साखळी फिरत असते. दुसरीची वाफ थंड होते ती पाण्याच्या मोठ्या टाकीत बुडवलेल्या वेटोळ्या नळीत. जुनी पद्धत. या नळीत वाफेचा तांब्याशी संबंध कमी येतो आणि गंधकाची काही द्रव्यं मागे राहतात. हा तपशील लक्षात ठेवा, गुण कापायची वेळ येईल तेव्हा लागेल.

पिंपांबद्दल थोडक्यात. 2009 च्या स्कॉच व्हिस्की नियमांनुसार 700 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्ये, किमान तीन वर्षं. बाटलीवर वय लिहिलं तर ते आतल्या सर्वात कोवळ्या थेंबाचं. स्प्रिंगबँक दहामध्ये साधारण साठ टक्के माल बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) आणि चाळीस टक्के शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपांतला असतो. थंड, दमट हवेत वर्षाला जेमतेम दोन टक्के उडून जातो. अमृतच्या बंगळुरूतल्या गोदामात हेच प्रमाण 10 ते 12 टक्क्यांवर जातं, त्यामुळे तिथली चार-पाच वर्षांची व्हिस्की पिकलेली लागते आणि दहा वर्षं थांबायचं म्हटलं तर पिंपात फारसं काही उरणार नाही. स्प्रिंगबँकवरचा दहाचा आकडा म्हणूनच कॅम्बेलटाउनच्या हवेत वाचायचा. अमृतशी वयाची तुलना करून कुणाला गुण देऊ नयेत, न कापावेत.

बाटलीबंद करतानाची ताकद, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, 46 टक्के. गार करून गाळत नाहीत, रंग मिसळत नाहीत. स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे आणि नामांकित कंपन्यासुद्धा तो सर्रास घालतात. म्हणून मी रंगाला गुण देत नाही. पारखी लोक काही वेळा निळ्या काचेचे ग्लास वापरतात ते रंग दिसूच नये म्हणून, आणि मला ते योग्य वाटतं. गडद रंग पाहिला की जीभ आपोआप मनुका आणि खजूर शोधायला लागते.

आता ग्लास. ट्यूलिपच्या आकाराचा ग्लेनकेर्न असेल तर उत्तम. नसेल तर तोंडाशी निमुळता होणारा कुठलाही छोटा ग्लास चालतो. पसरट तोंडाच्या ग्लासात वास चारी दिशांना निघून जातो. ओतायची 20-25 मिली, त्याहून जास्त नाही. बर्फ नाही, सोडा नाही. पुण्यासारख्या ठिकाणी मात्र एक गोष्ट सांभाळावी लागते, जी स्कॉटलंडच्या पुस्तकांत लिहिलेली नसते. तिथे 'खोलीचं तापमान' म्हणजे 18-20 अंश. आपल्याकडे मे महिन्यात खोली 35 अंशांवर असते आणि तेवढ्या गरम ग्लासातून अल्कोहोलची वाफच नाकात घुसते, बाकी काही कळत नाही. उन्हाळ्यात मी बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवतो आणि ओतल्यावर दहा मिनिटं थांबतो. शक्य असेल तर गुण द्यायचं काम हिवाळ्यासाठी राखून ठेवतो.

आणि चखणा नंतर. शेंगदाण्याची कांदा-मिरची-लिंबू मारलेली प्लेट मला अतिशय प्रिय आहे, पण ती समोर आली की नाक संपलं. तिखटाने जीभ तापते, लिंबाने लाळ सुटते, आणि 46 टक्क्यांची कुठलीही व्हिस्की सारखीच लागायला लागते. आमच्या मित्रमंडळात आता अलिखित नियम आहे: पहिला अर्धा तास फक्त साधं पाणी.

वास. ग्लास नाकाशी आणताना तोंड किंचित उघडं ठेवावं, झोंब कमी लागते. पहिल्यांदा येते लिंबाची साल आणि पिकत आलेलं नाशपाती. त्यामागे भाजलेल्या सातूच्या पिठाचा उबदार वास, मॉल्टचा. हा इतका स्पष्ट असतो की फरशीवर पसरलेली ती बार्ली डोळ्यांसमोर येते. मग सुकं खोबरं. ही ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या द्रव्याची देणगी, बर्बनच्या पिंपांची खूण. व्हॅनिलाही तिथलाच. पाच मिनिटांनी बाजू पालटते आणि खालून वेगळंच काही वर येतं: यंत्राचं तेल, जुनं चामडं, ओल्या दगडी तळघराची हवा, दोरखंड. स्प्रिंगबँकचे चाहते याच वासावर जीव टाकतात, आणि न आवडणारे इथेच ग्लास खाली ठेवतात. धूर आहे, पण लांबवर. पलीकडच्या आयला बेटावरच्या व्हिस्कीत तो अंगावर येतो, इथे तो कोपऱ्यात उभा असतो.

टेस्टिंगच्या पुस्तकांत हेदर, ख्रिसमस केक, मार्मलेड अशा खुणा असतात. लिहिणाऱ्यांच्या आठवणी तिथल्या, त्यामुळे त्या खुणा त्यांच्यासाठी खऱ्या आहेत. माझ्या वहीत आमसूल आहे, सुकं खोबरं आहे, सातूचं पीठ आहे, उन्हात वाळणाऱ्या मासळीच्या जाळ्यांचा वास आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस एडिनबराच्या संशोधकांनी व्हिस्कीच्या वासांचं चक्र तयार केलं, म्हणजे फळांचे, फुलांचे, धुराचे, गंधकाचे असे गट पाडले. मला त्याचा फार उपयोग होतो, कारण गट सगळ्यांचे एकच असतात आणि आतली नावं ज्याची त्याने भरायची असतात. गंधकाच्या खणात कुणी फटाक्यांची दारू लिहील, कुणी उकडलेलं अंडं. द्रव्य तेच.

चव. घोट छोटा, पण तोंडात घोळवायचा, हिरड्यांपर्यंत जाऊ द्यायचा. पहिली जाणीव जाडीची: ही व्हिस्की जिभेवर तेलासारखी बसते. न गाळल्यामुळे राहिलेली स्निग्ध द्रव्यं. लगेच गोडवा, संत्र्याच्या सालीचा किंचित कडसर गोडवा, आणि त्यावर मिरपूड. मग मीठ. हे मीठ मोठं कोडं आहे. व्हिस्कीत जिभेला कळेल एवढं मीठ प्रत्यक्षात नसतंच. समुद्राची हवा पिंपात शिरते, ही कल्पना मनोहर आहे, पण तिने हे कोडं सुटत नाही. तरी कॅम्बेलटाउनची व्हिस्की खारट लागते, मला लागते, डोळे बांधून दिली तरी लागते. गुण देताना मी जे जिभेवर येतं ते मोजतो, खुलासा मिळो न मिळो. घोटाच्या शेवटी धूर पुढे येतो आणि शेरीच्या पिंपांचा मनुका-अक्रोडाचा अंश त्याच्या मागून.

फिनिश लांब आहे. राख, आलं, खारटपणा, आणि अगदी शेवटी पुन्हा ते सातूचं पीठ. मिनिटभराने गंधक येतं, नुकत्याच ओढलेल्या आगकाडीसारखं. वेटोळ्या नळीची आठवण इथे ठेवायची. काही शेरीच्या पिंपांतूनही गंधक येतं, त्यामुळे नेमका दोष कुणाचा हे ग्लासावरून ठरवणं कठीण. थोडं असेल तर ते व्हिस्कीला मांसल भारदस्तपणा देतं. जास्त असेल तर फळांवर पांघरूण पडतं. ही माझ्या समोरची बाटली त्या सीमेवर आहे, एक पाऊल पलीकडेच म्हणा ना.

आता पाणी. चमच्याने चार-पाच थेंब. पाणी घालणं म्हणजे व्हिस्कीचा अपमान, असं मानणारे आपल्याकडे खूप आहेत, आणि गंमत म्हणजे स्कॉटलंडमधले मास्टर ब्लेंडर रोज नमुने तपासतात ते 20 टक्क्यांच्या आसपास पातळ करूनच. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर रेणूंची हालचाल मांडून दाखवली: ग्वायाकॉल हे धुराचा वास देणारं द्रव्य अल्कोहोलच्या रेणूंच्या संगतीत राहतं, आणि बाटलीतल्या ताकदीपर्यंत पातळ केलेल्या व्हिस्कीत ते दोघेही पृष्ठभागाजवळ जमतात, जिथून ते नाकाला मिळतं. जास्त ताकदीला ते आत दडून बसतं. माझ्या ग्लासात नेमकं हेच होतं. पाण्यानंतर कोपऱ्यातला धूर पुढे येतो, तेलाचा वास मागे जातो, नाशपातीचं थेट पेअर-ड्रॉप गोळीत रूपांतर होतं. गंधक मात्र हटत नाही. दहा-पंधरा मिनिटं वाट पाहिली, तरी तळाशी असतंच.

मग आकडे. वास 23, चव 23, फिनिश 22, तोल 20. एकूण 88. माझ्या वहीत 80 च्या वर आनंदाने पुन्हा ओतून घ्यावी अशी व्हिस्की, 85 च्या वर मित्राला मुद्दाम बोलावून द्यावी अशी, आणि 90 च्या वर फार थोड्या आहेत. तोलाचे पाच गुण गेले ते बहुतांशी त्या गंधकापायी.

पण हीच स्प्रिंगबँक दहा, आणखी एका वर्षी बाटलीबंद झालेली, मी चाखली आहे, आणि तिच्यात गंधक नावालाही नव्हतं. तिथे फळं मोकळी होती, खोबरं जास्त होतं, धूर अजून मागे. तिला 91 दिले. लेबल तेच, वय तेच, ताकद तीच. काचेवर बारीक अक्षरांत छापलेली तारीख वेगळी. ज्या डिस्टिलरीत फरशीवर माणूस फावडं मारतो, जिथे त्या दिवशीच्या हवेवर मोड अवलंबून असतात, जिथे थेट ज्वाळेवर स्टिल तापते आणि पिंपं मोजकी असतात, तिथे दोन बॅच सारख्या कशा निघतील? ग्लेनलिव्हेट किंवा ग्लेनफिडिकसारखी वर्षाला दोन कोटी लिटरच्या घरात क्षमता असलेली डिस्टिलरी हजारो पिंपं एकत्र करून फरक मिटवू शकते, आणि ते कौशल्य मी कमी लेखत नाही. दर वेळी तीच चव देणं अवघड आहे. स्प्रिंगबँकने तो रस्ता घेतलेला नाही एवढंच. म्हणून माझ्या वहीत आता 'स्प्रिंगबँक 10' अशी एक नोंद नाही, तारखांसकट वेगवेगळ्या नोंदी आहेत. जालावर कुणी हिला 93 दिलेले वाचून ज्याने बाटली घेतली आणि ज्याच्या वाट्याला माझी 88 ची आली, त्याने त्या 93 वाल्यावर रागवू नये. दोघांच्या हातात वेगळ्या वस्तू होत्या.

माझ्या एका मित्राने याच बाटलीला 81 दिले. त्याच संध्याकाळी, त्याच टेबलावर. गंधकाला त्याचं नाक माझ्यापेक्षा खूप हळवं आहे, ही जन्मजात गोष्ट आहे. अशा माणसाला आगकाडीचा वास पहिल्या क्षणापासून येतो आणि मग पुढे काही दिसतच नाही. त्याने वासातच सहा गुण कापले. आमचं भांडण झालं नाही, उलट मला त्याचा आकडा माझ्या आकड्याहून जास्त उपयोगी वाटतो, कारण त्याची आवडनिवड मला पाठ आहे. त्याने 81 दिलेल्या जड व्हिस्क्या मला आवडतात आणि त्याने 90 दिलेल्या मला जरा पुळचट वाटतात. कुणाच्याही गुणांचा उपयोग असाच करावा: आधी त्या माणसाची पाच-सहा मतं आपण ओळखत असलेल्या बाटल्यांवर तपासून घ्यावीत आणि मग अनोळखी बाटलीवर त्याचं ऐकावं. अनोळखी माणसाच्या 95 ला माझ्या लेखी फारसं वजन नाही.

आणि झाकून चाखणं. स्प्रिंगबँकबाबत हे मी सक्तीचं मानतो. गेल्या काही वर्षांत हिची अशी टंचाई आहे की ब्रिटनमध्येही दुकानं लकी ड्रॉ काढतात, आणि पुनर्विक्रीत दहा वर्षांची बाटली मूळ किमतीच्या दुप्पट-तिपटीने जाते. मिळायला कठीण असलेली वस्तू जिभेवर पोचायच्या आधीच पाच गुण घेऊन बसलेली असते. आम्ही तीन ग्लास ओततो, एकाने ओतायचं, बाकीच्यांना कळू द्यायचं नाही, त्यात एक साधी, सहज मिळणारी मॉल्ट असते. ही 88 तशा संध्याकाळची आहे. नाव माहीत असतं तर मी तिला याहून जास्त दिले असते, हे मला ठाऊक आहे, आणि तेवढ्यासाठीच झाकायचं.

किंमत मी गुणांत धरत नाही. ती वेगळी लिहितो, शेजारी. स्प्रिंगबँक दहा मूळ किमतीला मिळाली तर डोळे मिटून घ्यावी. दुप्पट किमतीला घेऊ नये, कारण तेवढ्या पैशांत हिच्याच शेजारची चांगली बाटली येते आणि वर पैसे उरतात. कॅम्बेलटाउनमध्ये ग्लेनगाइल नावाची डिस्टिलरी 1925 मध्ये बंद पडली होती. स्प्रिंगबँकवाल्यांनी ती विकत घेतली आणि 2004 मध्ये पुन्हा चालू केली. तिची व्हिस्की किलकेरन नावाने येते. मॉल्ट स्प्रिंगबँकच्याच फरशीवरचं, काम करणारी माणसं तीच, ताकद तीच 46, ऊर्ध्वपातन मात्र दोनदा. बारा वर्षांच्या किलकेरनमध्ये तेल कमी, लिंबू जास्त, मीठ तेवढंच, आणि आजवर माझ्या वाट्याला आलेल्या बाटल्यांत गंधक नाही. तिला माझे 87 आहेत. माझ्या मित्राचे 89.